पोशेऱ्याचे तिरंदाज

हे मी आईपासून लपवलंय, बायकोपासूनही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. घरच्यांच्या तोंडावर बोलायची छाती माझ्यात कधीच नव्हती.

मी जव्हारला कारकून. ऑफिस सुटलं की कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचो — जगाचा नकाशा, त्यावर राज्यं, एकेक चाल करत जिंकत जायचं. पुढे आम्ही तिघांनी मिळून त्यात दोनशे वर्षांपूर्वीचं जग मांडायला घेतलं. बाकीचे दोघे पुण्याचे. नियम त्यांचाच — प्रत्येक फौजेला पुरावा हवा. मी जव्हारचं छोटं संस्थान घातलं. पण व्हायचं काय, पाचव्या चालीला शेजारचं मोठं राज्य यायचं आणि जव्हार गिळायचं. दर वेळी. आपल्या गावाचा रंग असा पुसला जाताना बघवतो का? मला जेवण जायचं नाही.

मग मी जव्हारजवळच्या पोशेऱ्याच्या डोंगरात तीन हजार तिरंदाज उभे केले. कुठून आणले? मनातून. जव्हार टिकायला लागलं, खेळाचा तोल जमला. पुराव्याच्या जागी लिहिलं — माझ्या आजोबांनी सांगितलेली हकीकत.

आजा म्हणजे आईचे वडील. पोशेऱ्याला भात-नाचणी करायचा. कुठला बांध कुणाचा, कोण कुठून येऊन वसलं — जुनं काहीही असो, अख्खा पाडा त्यालाच विचारायचा. त्याचा शब्द तो शब्द. आणि तिरंदाजांबद्दल मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

झालं, ते दोघे पुण्याहून आले. आजाचं बोलणं रेकॉर्ड करायचं म्हणाले. नाही कसं म्हणणार? वाटलं, तो आपल्या बोलीत बोलेल, मी मराठीत सांगताना सांभाळून घेईन. पण पाहुणे बघून आजा मराठीतच बोलला. त्यांनी विचारलं, इथले तिरंदाज कसे लढायचे?

"आपली माणसा कदी लढली? फौज आली का रानात पळायची. कडूकंद चिरून वाहत्या पाण्यात ठेवायचा, कडूपणा गेला का उकडून खायचा. माझ्या आजानं सांगलंय. तशी वाचली, म्हणून मी हाय."

दोघे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का? मी खोटं लिहिलं, आजा खरं बोलतोय. एवढंच. फार तर हसले असते. मी काय म्हणालो — आजाच्या देखत, तो हाताच्या अंतरावर बसलेला असताना — "आजोबांना भ्रम झालाय. हल्ली काहीही बोलतात. हे पुसून टाका."

त्यांनी पुसलं. वर बिचाऱ्यांनी माझीच समजूत काढली.

आजा भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू शिकलेला. तुजंच खरं असंल."

त्यानंतर पाड्यावरचं कुणी काही विचारायला आलं की म्हणायचा, नातवाला ईचारा, माझं डोकं गेलं. आई घाबरली. त्याला दवाखान्यात नेलं, मी बरोबर होतो. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी आईला उत्तर देऊ दिलं. कधीपासून ते मला नेमकं ठाऊक होतं.

गेम लोकांना आवडला. तिरंदाजांचं तर केवढं कौतुक — अगदी इतिहासाला धरून आहेत म्हणे. मी सगळं वाचायचो. तरी एक अक्षर बदललं नाही. आणि रानात जगलेल्या त्या माणसांची हकीकत? ती जशीच्या तशी सांगणारा आजा एकटाच उरला होता. परत जाऊन, पाय धरून, आजा सगळं सांग म्हणायला हवं होतं. दर रविवारी ठरवायचो. जीभ उचलली नाही. मी भेकड आहे, दुसरं काय.

गेल्या वर्षी तो गेला. आदल्या दिवशी मी उशाशी बसलो होतो, आई चुलीपाशी होती. त्यानं माझं मनगट धरलं. बराच वेळ काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता.

"आपली माणसा लढली व्हती ना रं?"

मी हो म्हणालो.