एकाच उन्हातले दोघं

गेलेल्या माणसाला कोट घालण्यात माझा हात धरणारं हिंगोलीत कुणी नाही. हे मी फुशारकीनेच सांगते. बस डेपोच्या मागच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे, तिथे मी काम करते. लग्नसराईत कॅमेरा, एरवी कॉम्प्युटर. गावोगावची माणसं येतात, आधार कार्डावरचा आईचा फोटो देतात, कुठल्यातरी सत्काराच्या घोळक्यातून कापलेला वडिलांचा फोटो देतात आणि म्हणतात, "ताई, यांना जोडून द्या." मी जोडून देते. जन्मभर धोतरात वावरलेल्या म्हाताऱ्याला निळा कोट घालते, टाय बांधते. आजीबाईच्या कानात फुलं घालते, सुरकुत्या इस्त्री फिरवल्यासारख्या घालवते, दोघांच्या मागे एक धबधबा सोडते. मग ती जोडी काचेत जाते, भिंतीवर चढते आणि तिला हार पडतो. कारण माणसं जोडायला येतात तेव्हा दोघांतलं एक तरी गेलेलं असतंच. जिवंतपणी शेजारी बसून फोटो काढावा हे त्या पिढीला सुचलं नाही, आणि ज्यांना सुचलं त्यांना लाज वाटली.

त्यात माझे आईबाबाही आले. त्यांचं लग्न गावाकडे विहारात झालं. फोटोवाला होता, पण त्याच्या कॅमेऱ्यात रोल नीट बसलाच नव्हता, हे त्याला सगळं लग्न काढून झाल्यावर कळलं. पुढे बाबा एसटीत ड्रायव्हर झाले. आई त्यांच्या गाडीतून कितीदा तरी माहेरी गेली असेल, पण ते पुढे स्टेअरिंगवर आणि ती मागे, मांडीवर मला नाहीतर पिशवीला घेऊन. घरातल्या फोटोंत एक असला की दुसरा नसतो. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा दोघं मांडवाच्या दोन टोकांना उभे आहेत, जसं काही एकमेकांशी भांडण आहे.

बाबा रिटायर झाले त्या आठवड्यात आई मला म्हणाली, "आता तरी आमचा दोघांचा एक फोटो काढ."

"मी न्हाई बसनार," बाबा आतून ओरडले.

त्यांचं कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. मला डबा द्यायला ते स्टुडिओत यायचे तेव्हा माझ्या खुर्चीमागे उभं राहून स्क्रीनवरच्या जोड्या बघायचे आणि विचारायचे, "ह्यातलं कोन हाय अन् कोन गेलं?" मीही कामाच्या नादात सांगून टाकायची. त्यातून त्यांनी हिशेब मांडला होता, की जोडीचा फोटो झाला की एकाचा नंबर लागतो. हे कोण बोलत होतं? तर रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम तिच्यावरून चाक नेणारा माणूस. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या ड्रायव्हरांची भर डेपोत टर उडवणारा माणूस. मी त्यांना हे सुनावलं तेव्हा म्हणाले, "त्ये अंधश्रद्धा हाय. ह्ये मी सोता पाहून राहिलो."

आईचं तोंड उतरलं. मला ते बघवेना. म्हटलं, एवढं काय त्यात, हातचा मळ आहे. माझ्या लग्नातली आई घेतली, निरोप समारंभातले बाबा घेतले आणि दोघांना असं जोडलं की कुठे शिवण दिसू नये. आईचा पदर बाबांच्या बाहीवरून नेला. धबधबा नाही सोडला, घरची माणसं म्हणून साधी भिंत ठेवली. प्रिंट काढून मोठ्या तोऱ्यात आईच्या हातात दिला.

तिने चष्मा लावून पाहिलं. "छान हाय," म्हणाली. मग जरा वेळाने, "पन शेजारी बसल्यावानी वाटत न्हाई गं. एसटीत दोन अनोळखी पासिंजर बसतेत ना, तसं वाटून राहिलं."

मला इतका राग आला की मी तिच्याशी दोन शब्द धड बोलले नाही. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मी गेल्यावर तू मला जोडशीलच की कोटवाल्या बाबाशेजारी. त्ये मला नको. मला जित्तेपनी बसायचं हाय."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तो फोटो मोठा करून बघत बसले आणि राग हळूहळू माझ्यावरच उलटला. बाबांच्या डाव्या गालावर डेपोच्या आवारातलं दुपारचं ऊन होतं. आईच्या उजव्या गालावर मांडवातल्या ट्यूबलाइटचा उजेड. एकाचा दिवस वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. मी बाबांचं ऊन कमी केलं, आईचा उजेड वाढवला, सावल्या नव्या काढल्या. जितकं सुधारावं तितकी दोघं एकमेकांपासून लांब जायला लागली. शेवटी मी ती फाइल उडवली.

आमचे मालक चांगले आहेत, पण त्यांचा एक मंत्र आहे. "क्लिक करा अन् सोडा, बाकी कॉम्प्युटर बघून घेईल." नवरीचे डोळे मिटले तर दुसऱ्या फोटोतले डोळे लावा. आभाळ पांढरं आलं तर निळं भरा. सावळ्या माणसाला तर न विचारता गोरं करायचं, ते पॅकेजमध्येच येतं. मी त्यांना दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, की माझ्या आईबाबांचा फोटो मी एका क्लिकमध्ये काढीन, माउसला बोट लावणार नाही आणि तो तुमच्या शोकेसमध्ये लागेल. ते हसले. "ताई, बाबांना आधी खुर्चीत तर बसवा."

ते खरंच होतं. घरात मी कॅमेरा काढला की बाबांना पाणी भरायचं आठवायचं, नाहीतर कुणाला तरी भेटायचं असायचं. एकदा पकडून बसवलं तर खांब रोवल्यासारखे ताठ झाले, आणि क्लिकच्या आवाजाबरोबर डोळे गच्च मिटले. आईही बावरून पदर तोंडाला लावून बसली. असे फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त होतात, मी रोज करते. पण तसलं मला नको होतं.

मग आत्याच्या घरचं लग्न निघालं, कनेरगाव नाक्याला. मी पाहुणी पण आणि फोटोवाली पण, म्हणून कॅमेरा गळ्यात होताच. आमच्या लग्नांत पांढरंच घालतात, म्हणून बाबांचा कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, आईची पांढरी साडी. एसटी सोडून दुसऱ्या कशात बसणं म्हणजे बाबांच्या लेखी फितुरी, त्यामुळे एसटीनेच निघालो. गाडीत चढले की बाबा ड्रायव्हरच्या मागची सीट धरतात, म्हणजे त्याच्या कामावर लक्ष ठेवता येतं. त्या दिवशी तिथे आधीच लग्नाला निघालेलं एक कुटुंब पेटीसकट बसलं होतं. बाबा चडफडत मागे आले आणि आईच्या शेजारी बसले. आई खिडकीशी, बाबा तिच्या अलीकडे. मी पलीकडच्या बाजूला, एक रांग पुढे.

ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागते, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे. गाव मागे पडलं तशी आई पांढरी पडली. बाबांनी खिशातून लिंबू काढून तिच्या हातात दिलं. रस्त्यावरची लिंबं चिरडणारा माणूस बायकोसाठी खिशात लिंबू घेऊन फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं. आईने ते नाकाशी धरलं, दुसऱ्या हाताने बाबांचा दंड पकडला आणि डोळे मिटून डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. बाबांनी खांदा हलवला नाही. भरल्या गाडीत, इतक्या लोकांत, हलवला नाही.

मी मागे वळून कॅमेरा उचलला आणि एक काढला. बघते तर खिडकीतलं शेत लख्ख आणि ही दोघं काळीकुट्ट. कॅमेरा खिडकीच्या उजेडाला भुलला होता. इतक्या वर्षांची सवय लगेच म्हणाली, राहू दे, नंतर उजळू. पण अंधारात काढलेला चेहरा कॉम्प्युटरवर उजळला की कसा होतो ते मला पक्कं माहीत आहे. राख फासल्यासारखा होतो. माझ्या आईबाबांचा रंग पिकल्या जांभळाचा आहे, त्याला चमक आहे. त्याची राख मी करणार नव्हते. मी कॅमेऱ्याचं ऑटो बंद केलं, चेहऱ्यांपुरता उजेड धरला, शटर जलद ठेवलं. आता फक्त ऊन माझ्या बाजूच्या खिडकीतून आत यायला हवं होतं, आणि ते वळणावर येणार होतं.

बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पुढे रस्त्यावर होती आणि तोंड चालू होतं. "गेर टाक रे बाबा. म्होरं टॅक्टर हाय, दिसून राहिला का न्हाई?" हळदीची पोती भरलेली एक ट्रॉली पुढे डुलत चालली होती, आणि बाबांचा उजवा पाय सीटखाली करकचून ब्रेक दाबत होता.

आई डोळे मिटूनच म्हणाली, "तुमची गाडी न्हाई ती. पाय उचला."

"पाय कुटं हाय तितं?" बाबा म्हणाले, आणि पाय आणखी दाबला.

आईने डोळे उघडले आणि ती हसली. एरवी ती हसताना पदर तोंडावर घेते, पण एका हातात लिंबू होतं आणि दुसऱ्या हातात बाबांचा दंड. पदर घ्यायला हात उरला नव्हता. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातही हसू आलं, लपवता लपवता आलं. तेवढ्यात गाडी वळली. माझ्या खिडकीतलं ऊन सरकत जाऊन बाबांच्या पांढऱ्या शर्टावर पडलं, आणि शर्टावरून उसळून आईच्या चेहऱ्यावर गेलं. नवरीच्या तोंडावर उजेड पाडायला आम्ही थर्माकोलची पांढरी शीट धरतो ना, ते काम बाबांच्या शर्टाने केलं. आईची हनुवटी, गाल, डोळ्यांखालची प्रत्येक सुरकुती उजळली. मी बटण दाबलं.

पुढच्याच क्षणी ड्रायव्हरने खराखुरा ब्रेक दाबला आणि मी एका बाईच्या पिशवीवर आपटले. पडल्या पडल्या स्क्रीन पाहिली आणि ओरडले, "झाला!"

कंडक्टर दचकून म्हणाला, "काय झालं? कोन ऱ्हायलं का खाली?"

"फोटो झाला!" मी म्हटलं. "आईचा आन् बाबांचा!"

सगळी गाडी आमच्याकडे बघायला लागली. बाबांचा चेहरा एकदम गंभीर झाला. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर आपली शोभा करणार. पण त्यांनी हात पुढे केला. "दाखव."

किती तरी वेळ ते त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "पाय दिसून राहिला का माझा?"

"न्हाई बाबा."

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि कॅमेरा आईकडे दिला. आई बघत राहिली. गाडी लागल्याचं ती साफ विसरली होती. कनेरगाव नाका येईपर्यंत कॅमेरा तिने मला परत दिला नाही, आणि तिचं डोकं पुन्हा होतं तिथेच गेलं.

स्टुडिओत मालकांनी फोटो पाहून लगेच यादी सुरू केली. "तो खिडकीचा गज काढा. बाजूची कोपर उडवा. आईंचा रंग थोडा उजळा." मी दोन्ही हात वर केले आणि फोटो होता तसा प्रिंटरला सोडला. कागद बाहेर आला. त्यांनी तो उचलून दाराशी उजेडात नेला.

"हा खालून उजेड कसा काय आला?" त्यांनी विचारलं. तीस-पस्तीस लाइट असलेल्या स्टुडिओचे मालक मला विचारत होते!

"बाबांच्या शर्टावरून," मी म्हटलं.

शोकेसमधली धबधब्याची जोडी त्यांनी स्वतःच्या हाताने खाली काढली. मी त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या दुकानांना चहा पाजला, आणि ज्याने विचारलं नाही त्यालाही फोटो दाखवला.

दुसरी प्रत घरी नेली. आमच्या बैठकीच्या भिंतीवर आजी-आजोबांचे हार घातलेले फोटो आहेत. आईने त्यांच्या रांगेत जागा दाखवली. बाबा म्हणाले, "तितं न्हाई. तितं गेलेले ऱ्हातेत." ते खिळा आणि हातोडी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याच्या माठावरची भिंत वाजवून बघायला लागले. आई फ्रेम छातीशी धरून उभी होती. मध्येच तिने ती उताणी करून पुन्हा पाहिली, काचेवरून पदर फिरवला आणि म्हणाली, "चला, एक बरं झालं. आता आमच्यातलं कोनी गेलं तरी ह्या पोरीला आमाला जोडायची तकलीफ न्हाई."

बाबांनी हातोडी खाली घेतली आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

"काहून उतरायची घाई करून राहिली?" ते म्हणाले. "स्टॉप यायचा हाय अजून. बस गपचिप शेजारी."

आणि त्यांनी खिळा ठोकला.