तातोबाअण्णांची म्हातारी

शनिवारची दुपार. वांग्याची भाजी जरा जास्तच खाल्ली गेलीय, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, आणि शालनबाई जंगम छातीवर कागदांचा गठ्ठा आणि एक बोथट पेन्सिल धरून पलंगावर पडल्यात. झोपायचं नाहीये. अजिबात नाहीये. पाच वाजता बैठक आहे, त्याआधी हा गठ्ठा वाचून काढायचाय. सुतळीच्या गाठीकडे हात जातो आणि तिथेच थांबतो. पाच महिने झाले, तो तिथेच थांबतोय.

गठ्ठा तातोबा लोहारांचा. अण्णा नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. तीस वर्षं लांबलचक लोखंडी चावीनं गल्लोगल्लीचं पाणी सोडलं, निवृत्त झाले आणि या वयात गोष्टी लिहायला लागले. कागद विकत घ्यायचं नाव नाही. पालिकेची जुनी उरलेली पत्रकं पाठकोरी पडलेली, त्यावर लिहायचे. म्हणजे एका अंगाला 'उद्या पाणीपुरवठा बंद राहील', आणि दुसऱ्या अंगाला अण्णांची गोष्ट. पाच महिन्यांपूर्वी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत अण्णा गेले.

आता बैठक म्हणाल तर ते काही साहित्य संमेलन नव्हे. शेट्यांच्या पिठाच्या गिरणीची माडी, आणि दर शनिवारी लिहिण्याची खाज असलेली पाच माणसं. आता चार. नेम मात्र सगळे शालनबाईंनी घातलेले. चोवीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई, नेम घातल्याशिवाय तिला घास गिळत नाही! एकाचं लिखाण दुसऱ्यानं घरी न्यायचं, वाचायचं, आणि शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं एक प्रश्न लिहून परत द्यायचं. लिहिणाऱ्यानं ते सुधारून आणलं की प्रश्न विचारणाऱ्यानंच ते बैठकीत मोठ्यानं वाचायचं. ते वाचून होईपर्यंत लिहिणाऱ्यानं आपल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि न वाचता प्रश्न लिहिणाऱ्याला चहा नाही.

तो शेवटचा नेम मोडला कुणी, तर बाईंनीच. सुनेच्या माहेरी लग्न होतं, चार दिवस त्यात गेले, आणि शनिवारी साडेचारला चप्पल घालताना आठवलं की अण्णांची गोष्ट तशीच राहिलीय. वाचली नाही म्हणून सांगायचं? नेम घालणाऱ्या बाईनं? छे! त्यांनी उभ्या उभ्या शेवटच्या पानाखाली लिहून टाकलं, 'ती म्हातारी कोण आहे?' म्हातारी कुणाच्या गोष्टीत नसते हो? असणारच एखादी.

अण्णांनी तो प्रश्न वाचला. बराच वेळ वाचला. कान खाजवला आणि म्हणाले, "म्हातारी... बगतो, बाई." त्या दिवशी बाई दोन कप चहा प्याल्या.

दोन महिन्यांनी अण्णांनी गठ्ठा सुधारून आणून दिला. "आता वाचा, बाई. म्हातारीचं बगितलंय म्या." आणि आठव्या दिवशी माणूसच गेला. तेव्हापासून बाईंना ती सुतळी सोडवत नाही. गोष्टीत आधी म्हातारी नसलीच, तर अण्णांना कळलंच असणार की या बाईनं एक ओळ वाचलेली नाही. ते तसंच मनात ठेवून गेले असतील तर? अण्णांना कळलं होतं का, एवढंच बाईंना हवंय, आणि नेमकं तेच बघायची हिंमत होत नाहीये. त्यात शेट्यांनी परस्पर ठरवून टाकलंय, या शनिवारी अण्णांची गोष्ट. वाचणार कोण, तर जिच्याकडे आहे ती.

डोळ्यांवर झापड येते. पंख्याची कुरकुर लांब जाते. थोड्या वेळानं ती पंख्याची राहतच नाही, गिरणीच्या पट्ट्याची होते, आणि बाई माडीचा जिना चढतायत. जिना नेहमीपेक्षा लांब आहे. पायाखाली पीठ आहे, कुणाची पावलं त्यात नाहीत.

वर तातोबाअण्णा बसलेत. गव्हाच्या पोत्यावर, पाय पोटाशी घेऊन, ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत. त्यांची सवयच ती, बैठकीतल्या सगळ्यांच्या पेन्सिली तेच तासायचे.

बाई दारातच अडखळतात. हे गेलेत, हे त्यांना पक्कं माहीत आहे. पण असं तोंडावर कसं म्हणायचं?

"अण्णा, तुम्ही... म्हणजे तुम्ही तर..."

"गेलो की," अण्णा म्हणतात. "पर आज शनवार न्हवं का?"

हे बाईंना अगदी पटतं. शनिवार आहे म्हटल्यावर येणारच. त्या बसायला जातात, तर खुर्ची गुडघ्याएवढी आहे. बालवाडीची. भिंतीवर केळं, आंबा, फणस, आणि समोर अण्णा तसल्याच चिमुकल्या खुर्चीत कसेबसे मावलेत. बाईंना वाटतं, यांना आपण शिकवलं होतं का? हजेरीत नाव होतं का यांचं? काही केल्या आठवत नाही.

"अण्णा, एक विचारू?"

"इचारा."

"तुमच्या गोष्टीत आधी म्हातारी होती का हो?"

अण्णा हाताची घडी घालतात आणि तोंडावर बोट ठेवतात. बालवाडीतली पोरं ठेवतात तसं.

"अहो, होती का नव्हती, एवढंच सांगा. मान हलवा नुसती."

"वाचून व्हुईस्तवर लिवणाऱ्यानं बोलायचं न्हाई," अण्णा बोटाच्या आडून म्हणतात. "नेम तुमीच घातलाय."

स्वतःचंच खेटर स्वतःच्या डोक्यात! बाई घाईघाईनं गठ्ठा सोडतात. सुतळी एका झटक्यात सुटते, पण पानावर काही नाही. म्हणजे आहे, 'उद्या पाणीपुरवठा बंद राहील'. पान उलटतात, तिकडेही तेच. सगळ्या पानांवर, दोन्ही अंगांना तेच. बाईंना घाम फुटतो. त्या अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागतात, "उद्या पाणी..." आणि आवाज फुटत नाही.

"घसा सुकला आसंल," अण्णा म्हणतात. "थांबा, पाणी सोडतो."

ते गल्लीच्या तोंडाशी वाकलेत. लोखंडी झाकण बाजूला पडलंय आणि लांब चावी खड्ड्यात घालून अण्णा ती फिरवतायत. बाईंच्या पायात चप्पल नाही. गल्ली ओळखीची आहे, पण घरं उलट्या बाजूला आहेत.

"बाई, जरा शेवटच्या घरापातूर जाऊन येता का? हितं चावी फिरवली की आपल्याला वाटतं झालं काम. पर पाणी तितवर गेलं का, ते हितनं कळत न्हाई. कुणीतरी जाऊन बगावं लागतंय."

"मीच जाऊ?"

"मग कोन? तुमीच म्हनला हुता, म्हातारी हाय म्हणून."

बाई चालायला लागतात. एकेका दारात बायका भांडी भरतायत, कुणी वर बघत नाही. घरं मोजावी म्हणतात तर सातानंतर पुन्हा चार येतात. शेवटचं घर येतं आणि ते त्यांचंच निघतं. तोच ओटा, तोच पंखा, डब्यावर सुनेच्या अक्षरातलं 'साखर'. मधोमध एक म्हातारी पाठमोरी बसलीय. पुढ्यात रिकामी कळशी.

"आजी," बाई म्हणतात. त्यांना स्वतःचाच आवाज बालवाडीतला वाटतो. "तुम्ही कोण?"

म्हातारी वळत नाही. "मला काय ठावं, बाई? मला हितं बसवून पाचच म्हयनं झालं. आदी न्हवते मी. कुणीतरी माझी चौकशी केली म्हणून आणून बसवलं, आन् मग फिरकलंच न्हाई कोन."

पाच महिने. आधी नव्हते. मग कळलंच की! त्या ओरडतात, "अण्णा! अहो अण्णा!" आणि म्हातारीच्या घरातून धावत सुटतात, ते थेट माडीवर.

शेटे चहा ओततायत. सगळ्यांचे कप भरतात. बाईंचा कप बशीवर पालथा आहे. शेटे तिथे येतात, थांबतात आणि पुढे जातात. याच्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अण्णा," बाई म्हणतात, आणि त्यांना रडूच येतं. "मी वाचली नव्हती. एक ओळ नाही. लग्नात होते, विसरले, आणि लाज वाटली म्हणून काहीतरी खरडलं. म्हातारी मी मनानं घातली. तुम्ही दोन महिने तिच्या पायी राबलात, आणि नंतरही मी ती सुतळी सोडली नाही."

अण्णा पेन्सिल तासतायत. सालपटं लांबच्या लांब निघतायत, बाईंच्या मांडीवर पडतायत.

"ओरडा की हो! माहीत होतं का तुम्हाला?"

"गोष्ट वाचून झाल्याबिगर म्या कसा बोलू?" अण्णा म्हणतात. ते टोकावर फुंकर मारतात, डोळ्याजवळ धरून बघतात आणि पेन्सिल बाईंच्या हातात देतात. "झ्याक टोक आलंय. आता वाचा. आन् मग इचारा."

"पण अण्णा..."

"आई! अहो आई, चार वाजले."

दीपाली, सून, चहाचा कप घेऊन उशाशी उभी. पंखा कुरकुरतोय. गठ्ठा छातीवरून घसरून कुशीत आलाय, सुतळी तशीच.

"अगंबाई, हे काय? सगळ्या साडीवर कचरा केलाय तुम्ही!"

बाई उठून बसतात. मांडीवर, निऱ्यांच्या घडीत, पेन्सिलीची सालपटं. ब्लेडनं काढलेली, लांब, वेडीवाकडी, कडेला पिवळा रंग. आणि गठ्ठ्याखाली तीच पेन्सिल, बोटाच्या पेराएवढं टोक काढलेली.

"दीपाली, घरात ब्लेड आहे का गं?"

"ब्लेड कुठलं? हे तर मशीननं दाढी करतात. शार्पनर देऊ का, पोराच्या दप्तरात असेल."

"नको."

बाईंना काही उमगत नाही. झोपेत आपणच टोक केलं म्हणावं, तर कशानं? अण्णांनी केलं म्हणावं, तर... छे, काहीतरीच! त्या एक सालपट उचलून वास घेतात. लाकडाचा वास. पेन्सिलीचाच.

"चहा घ्या, गार होईल."

"ठेव तिथं. आधी वाचते."

आणि या खेपेला हात थांबत नाही. सुतळी सुटता सुटत नाही, बाई दातांनी सोडवतात. निळ्या शाईचं अण्णांचं ठसठशीत अक्षर. एक व्हॉल्व्हमन आहे, त्याची बायको गेलीय, आणि निवृत्तीच्या दिवशी तो शेवटचं पाणी सोडायला निघालाय. बाई वाचत जातात. तिसरं पान, पाचवं, आठवं. म्हातारी नाही. नवव्यालाही नाही. नाहीच.

दहाव्या पानावर शाई काळी होते. मध्ये दोन पानं नवीन घातलेली. 'शेवटच्या घरात एक म्हातारी राहते,' अण्णांनी लिहिलंय. 'तीस वर्षं मी या गल्लीला पाणी सोडलं, पण तिच्या दारात कधी गेलो नाही. पोचत असेल, असं धरून चाललो.' मग तो माणूस चावी तिथेच टाकतो, स्वतःच्या घरची भरली कळशी खांद्यावर घेतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातो. दार वाजवतो. दार उघडतं. तिथे काळी शाई संपते आणि शेवटचं पान पुन्हा निळं आहे, त्यात तो घरी येऊन निजतो. त्याखाली बाईंचा पेन्सिलीतला प्रश्न, 'ती म्हातारी कोण आहे?'

आणि त्या प्रश्नाखाली, काळ्या शाईत, अण्णांचं उत्तर. 'बाई, ही माझ्या ध्यानातनं सुटली होती. तुम्ही विचारलं म्हणून सापडली.'

आता याचा अर्थ काय लावायचा? अण्णांना कळलंच नव्हतं? की कळलं होतं, आणि तरी त्यांनी बाईंची लाज राखली? बाई ती ओळ तीनदा वाचतात आणि तिन्ही वेळा वेगळंच वाटतं. सांगणारं तर कुणी राहिलं नाही. त्या पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडतात, आणि दीपाली दारात येऊन परत जाते.

रडून झाल्यावर त्या डोळे पुसतात. पाच वाजता माडीवर जायचं, सगळ्यांसमोर आधी आपलं खरं सांगायचं आणि मगच गोष्ट वाचायची, हे आता ठरलंय. साडीवरची सालपटं त्या एकेक करून गोळा करतात आणि पदराच्या टोकाला बांधतात. मग ती लांब टोकाची पेन्सिल घेऊन अण्णांच्या उत्तराखाली, नीट, बालवाडीतल्या फळ्यावर लिहायच्या तशा अक्षरात प्रश्न लिहितात, 'अण्णा, दार उघडल्यावर ती काय म्हणाली?'

चहावर साय धरलीय. बाई बोटानं ती बाजूला करतात आणि तो गार चहा शेवटच्या घोटापर्यंत पितात.