साळूबाईनं कातर उचलली

साळूबाईच्या पाया पडायला बायका यायच्या, पण पंगतीत तिच्या शेजारचं पान रिकामंच राहायचं. तिला ते दिसायचं. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण करते काय? जिच्या डोक्यावर देवी आहे तिनं तोंड वाईट करू नये, असं सासूनं बजावून ठेवलेलं.

दहिवडीच्या पलीकडं, माळावर त्यांची वस्ती. दावणीला मेंढरं, थोडी बाजरीची जमीन. नवरा धुळा मुंबईत हमाली करायचा, सणासुदीला गावी यायचा. मुलगा विश्वजित झाला तेव्हा साळूबाई बाळंतपणातच तापानं आजारी पडली. उठायचीही ताकद नव्हती, तिथं वेणीफणी कोण करणार? मानेमागं केसांचा गुंता झाला, गुंत्याचं घट्ट वेटोळं झालं. बरी झाल्यावर ती फणी घेऊन बसली, तर सासूनं फणी हिसकावून घेतली आणि त्या वेटोळ्यावर हळदकुंकू वाहिलं.

"देवीची जट हाय. पानी लावायचं न्हाई, फनी लावायची न्हाई. तोडलीस तर घरातलं मानूस जाईल."

मांडीवर तान्हं पोर होतं. साळूबाईनं पुन्हा फणीला हात लावला नाही.

पुढं सासू गेली, पण जट वाढतच राहिली. कमरेखाली आली, दोराएवढी जाड झाली. मूळची साळूबाई टापटिपीची. माहेरी असताना शिकेकाईनं न्हाल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. लग्नानंतरही टाचा दगडानं घासून लख्ख ठेवायची. आता अंगावरून पाणी घेताना मान वाकडी करून डोकं बाजूला धरावं लागे. पावसात जट भिजली की आतून सुकायची नाही, कुबट वास यायचा. उवा झाल्या. बोट आत शिरायचं नाही म्हणून ती गोधडीच्या सुईनं खाजवायची. त्याच्या जखमा व्हायच्या, जखमांतून पाणी यायचं. वजनानं मान एका अंगाला कलली. एकदा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, केस काढा. तर धाकटा दीर केरबा बरोबर होता, त्यानं तिला उठवूनच माघारी आणलं. मंगळवारी तिच्यापुढं पडणारे नारळ आणि खण केरबाच्याच घरात जायचे.

यंदा थंडीच्या तोंडाला नात राणी टायफॉइडनं पडली. विश्वजितही बापासारखा मुंबईत, त्यामुळं सून पल्लवी एकटीच पोरीच्या उशाशी बसून असायची. ताप उतरला तेव्हा राणीच्या केसांचा मागं गोळा झाला होता. केरबा चौकशीला आला आणि त्याची नजर तिथंच गेली. हात जोडून तो म्हणाला, "देवीनं पोरीला बी पसंत केलं." आणि देव्हाऱ्यातल्या हळदीत बुडवलेली बोटं त्यानं राणीच्या डोक्याकडं नेली.

पल्लवी भिंतीला चिकटून उभी राहिली. साळूबाई मात्र चुलीपुढून उठली.

"हात काढ, केरबा."

"वयनी, देवीच्या वाटंला जाऊ नगा."

"देवी? पोरीला ताप आला हुता. ताप! मला बी तापच आला हुता!" तिनं डोक्याचं फडकं ओढून काढलं. जट सुटून पाठीवर पडली, तशी साळूबाई केरबाच्या अंगावरच गेली. "ये, नाक लाव हितं. आन सांग मला, देवीचा वास कसा येतो त्यो!"

केरबा दाराकडं सरकला. त्याचा हात आपसूक नाकावर गेला.

"धरलंस न्हवं नाक? इतकी वर्सं पाया पडलास आन आज नाक धरतोस? नीघ माज्या घरातनं!"

तो गेला.  साळूबाईनं राणीला पुढ्यात घेतलं, केसांत भरपूर तेल जिरवलं आणि एकेक बट सोडवायला बसली. पोरगी कळवळली की ती तिच्यावर नाही, मेलेल्या सासूवर खेकसायची. उन्हं कलली तेव्हा फणी वरपासून खालपर्यंत सरळ गेली.

मग तिनं मेंढरं कातरायची कातर आणली.

"आत्या," पल्लवी रडकुंडीला आली, "ह्यांना काय झालं तर?"

कातर हातातच थांबली. "त्यो माजा ल्योक हाय. मला भ्या वाटत न्हाई व्हय? लाव त्याला फोन."

विश्वजितनं सगळं ऐकून घेतलं. "काप की आई," तो म्हणाला. "मी कुठं मरतोय?"

पुढचं तिनं कापलं, मागचं पल्लवीनं. लोकर सहज तुटते, हे तुटेना. दोघींच्या हाताला फोड आले. शेवटी जट धप्पकन खाली पडली आणि आतलं वळवळणारं बघून पल्लवीनं तोंड फिरवलं. साळूबाईनं ती काठीनं उचलून उकिरड्यात पुरली. मग साबण लावून डोकं धुतलं. आधी काळं पाणी वाहिलं, मग गढूळ, मग कुठं स्वच्छ. जखमा झोंबत होत्या आणि ती दात खाऊन शिव्या देत होती.

दवाखान्यातल्या मलमानं जखमा भरल्या. मान तेवढी सरळ झाली नाही. भावकीनं बोलणं टाकलं. पुढच्याच आठवड्यात केरबाच्या कळपातला एडका मेला, तर तो दारात येऊन ओरडायला लागला.

"लस टोचली हुतीस का त्याला?" साळूबाईनं आतूनच विचारलं. तो तणतणत गेला.

धुळा गावी आला तेव्हा तिच्या बारक्या केसांकडं बघत ओट्यावर बसला. मग म्हणाला, "मला इचारायचं तरी."

"तुमाला?" साळूबाई गर्रकन वळली. "आवं, जलमभर माज्याकडं पाठ करून झोपलात तुमी. वासानंच न्हवं?"

धुळानं मान खाली घातली. "येत हुता वास. पर तुला सांगायला जीभ उचलंना."

"मला कशाला सांगायचं? मला काय कळत न्हवतं? तुमच्या आईला सांगायचं! केरब्याला सांगायचं! येकदा तरी माज्यासाठी भांडायचं!"

 ती बादली घेऊन न्हाणीत गेली. सकाळी एकदा न्हाली होती, तरी पुन्हा न्हायला बसली. टँकर परवा येणार होता, पिंपात पाणी तळाला गेलं होतं. ती तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतत राहिली आणि घरात कुणाचीही ब्र काढायची हिंमत झाली नाही.