उजव्या हाताची नखं

माझ्या डाव्या हाताच्या पाच नखांना पाच रंग लावून मी फुंकर घालत बसलो होतो आणि नेमके तेव्हाच आमचे इनचार्ज साहेब वर्कशॉपमध्ये आले.

"सोनटक्के, हे काय चाललंय?"

"टेस्टिंग, सर."

"कशाचं?"

"नेलपॉलिशचं."

साहेबांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा टेबलावर ओळीनं मांडलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. माझं वय तेव्हा चौपन्न. डोक्यावर जेमतेम केस, अंगात प्लास्टरनं पांढरा झालेला ॲप्रन. ते आल्या पावली निघून गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या सेंटरभर झाली होती.

मी प्रोस्थेटिक टेक्निशियन आहे. म्हणजे कृत्रिम हातपाय बनवतो. परभणीत एका ट्रस्टच्या लहानशा सेंटरमध्ये सत्तावीस वर्षं हेच काम केलं. आमच्याकडे पाय जास्त येतात, हात कमी. जे हात येतात ते बहुतेक खेड्यातले, मळणी यंत्रात नाहीतर कडबाकुट्टीत सापडलेले.

शीतलचा हात कडबाकुट्टीत गेला होता. मानवतच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी, वय वीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्षापूर्वी म्हशीसाठी कडबा कापताना डावा हात मनगटाच्या वरून तुटला. ती आईबरोबर एसटीनं आली होती. डावी बाजू ओढणीखाली झाकलेली. विचारलं तेवढंच बोलायची. कापल्यानंतर जो हात उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. मी स्टंपचं माप घेत होतो आणि बोलण्याचं सगळं खातं आईनं सांभाळलं होतं.

आईनं सांगितलं की पोरीला लहानपणापासून नेलपॉलिशचा नाद. बाटली मिळाली नाही तर गुलमोहराच्या कळीची सालं नखाला चिकटवून शाळेत जायची आणि बाईंचा मार खायची. दहावीत असताना काडीनं नखांवर बारीक फुलं काढायला शिकली. गल्लीतल्या नवऱ्या मुली लग्नाआधी हिच्याकडे हात घेऊन बसायच्या.

"अजूनबी दर बाजाराला एक बाटली घेती, सायेब," आई म्हणाली. "लावत न्हाई. डब्यात ठिवून देती. अकरा-बारा झाल्यात. वाळून चालल्यात."

शीतल भिंतीवरच्या चार्टकडे बघत होती. मी तिला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मला सगळं समजलं होतं. आमच्या धंद्यात ही एक खोड असते. पेशंटचं काय गेलंय ते समोर दिसत असतं, त्यामुळे त्याला काय हवंय तेही दिसतंय असं वाटू लागतं.

तिला आम्ही कॉस्मेटिक हात देणार होतो. हा हात दिसण्यापुरता असतो. आत सॉकेट, म्हणजे स्टंप बसेल अशी वाटी. त्या वाटीला पुढे फोमचा पंजा जोडलेला. वरून कातडीच्या रंगाचा प्लास्टिकचा मोजा, त्याला ग्लोव्ह म्हणतात. त्यावर शिरा असतात, सुरकुत्या असतात, नखंही असतात. रंग जुळवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

अडचण अशी होती की ग्लोव्हवर नेलपॉलिश टिकत नाही. नख आणि बोट एकाच मऊ प्लास्टिकचं. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन असतं, ते हळूहळू वर येतं आणि पॉलिश वाळू देत नाही. रिमूव्हर लावावा तर तो रंगाबरोबर नखही खातो. ग्लोव्हच्या पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं, नेलपॉलिश लावू नये. मी ठरवलं, लागेल असं करून दाखवू.

मी बाजारात एका कटलरीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मुलीसाठी का? म्हटलं, नाही, कामासाठी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण माल मात्र मनापासून दाखवला. दहा रुपयांची, वीस रुपयांची, चमकीची, बिनचमकीची, लवकर वाळणारी. मी आठ बाटल्या घेतल्या. जुन्या ग्लोव्हची बोटं कापून त्यांवर रंग लावले. वाळायला किती वेळ लागतो याची तुलना करायला खरं नख हवं, म्हणून माझा डावा हात कामाला लावला. माझ्या नखांवर पाच-सात मिनिटांत रंग वाळला. ग्लोव्हवर दुसऱ्या दिवशी बोट टेकवलं तर ठसा उमटला. तिसऱ्या दिवशी त्यावर वर्कशॉपची सगळी धूळ बसली होती.

घरी बायकोनं माझी नखं पाहिली. "तीस वर्षांत मला कधी एक बाटली आणली नाहीत," एवढंच म्हणाली आणि भाजी वाढली.

शेवटी दुकानातल्या बाईंनीच मार्ग सांगितला. लहान मुलींसाठी पाण्यातली नेलपॉलिश येते. वास नाही, रिमूव्हर नाही, कंटाळा आला की सालीसारखी ओढून काढायची. ती ग्लोव्हवर वाळली. ओढली तर निघाली, नखाला काही झालं नाही. मी इतका खूश झालो की स्वतः जाऊन साहेबांना बोलावून आणलं. मग शीतलच्या ग्लोव्हची नखं बारीक घासून त्यांना आकार दिला. पाच दिवस त्यातच गेले.

फिटिंगच्या दिवशी शीतल ठेवणीतला ड्रेस घालून आली. हात बसला. रंग असा जुळला की आईनं दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग मी खिशातून फिक्या गुलाबी रंगाची बाटली काढली आणि सगळं समजावून सांगितलं. तिनं नवा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं पाचही नखं रंगवली. एक थेंब बाहेर गेला नाही. आईनं डोळ्याला पदर लावला. साहेबांनी फोटो काढला. शीतल म्हणाली, "थँक्यू, सर."

मी फॉर्म पुढे केला. डिलिव्हरी झाली की पेशंटची सही लागते. ती सही करायला वाकली आणि तिचा उजवा हात प्रथमच नीट माझ्या नजरेसमोर आला. नखं वेडीवाकडी, एक लांब, एक पार मांसाला भिडलेलं. कडा खरबरीत.

"नखं कशानं कापतेस?" मी विचारलं.

"कापत न्हाई, सर. कटर धरायला दुसरा हात पायजे ना. धुण्याच्या दगडावर घासते."

सत्तावीस वर्षांत एक हात गमावलेले कितीतरी लोक माझ्या हाताखालून गेले. ते उरलेल्या हाताची नखं कशी कापतात, हा प्रश्न मला कधीही पडला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. मी विचारलं, हात आवडला का, खरं सांग.

तिनं सही न करता पेन खाली ठेवलं. "छान झालाय, सर. पण डाव्याला लावायला मला उजवा हाय. उजव्याला लावायला कोण हाय?"

आई लगेच म्हणाली की मी लावून देते म्हणते तर ही नको म्हणते.

"ताई लावून द्यायची आदी," शीतल म्हणाली. "तिचं लगीन झालं. मैत्रिणी बी देतात लावून. पण दुसऱ्यानं लावलं की हात नुसता पुढं करून बसावं लागतं. मला मपल्या हातानं लावायचंय, सर. लय वाटतं. बाटली उघडते, वास घेते अन् बंद करून ठिवते."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं न्हाई. अन् तुमी एवढ्या मनानं करायले होते, मग मी काय बोलू?"

ज्या हाताला कशाचीच गरज नव्हती त्याच्यासाठी मी पाच दिवस घालवले होते, आणि जिवंत हात तसाच टेबलावर पडून होता. मी फॉर्म परत घेतला.

साहेब केबिनमध्ये होते.

"सर, शीतलची फाइल उघडी ठेवा."

"का? हात बसला ना?"

"बसला. काम झालेलं नाही."

सगळं ऐकून ते म्हणाले, "सोनटक्के, नेलपॉलिश हे एडीएलमध्ये येतं का?"

एडीएल म्हणजे रोजच्या कामांची यादी. जेवणं, आंघोळ, बटण लावणं, वेणी घालणं. पेशंटला यातलं काय जमतं त्यावर आम्ही खुणा करतो. यादीत नेलपॉलिश नव्हती. पण शेवटी 'इतर' असा एक रिकामा रकाना होता. मी तिथेच उभा राहून त्यात लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. साहेबांनी वाचलं, हसले नाहीत. "आठ दिवस देतो. आणि सामान भंगारातलं वापरा," म्हणाले आणि सही केली.

पहिल्यांदा मी सेंटरमधला दाखवायचा हुक काढला. हा खांद्याला बांधलेल्या वायरवर चालतो, खांदा पुढे केला की उघडतो. शीतलला तो त्याच दिवशी लावून पाहिला आणि ब्रश त्यात धरायला दिला. वस्तू उचलायला हुक उत्तम. पण खांद्याच्या जोरावर नखाएवढ्या जागेत ब्रश फिरवणं अवघड असतं. रंग मनगटापर्यंत गेला. ती हसली आणि मग हुक सोडायला लागली. मायलेकी संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. पुढच्या मंगळवारी या असं मी सांगितलं होतं खरं, पण हातात काहीच नव्हतं.

दोन दिवस मी डावा हात खिशात घालून स्वतःची नखं रंगवायचा प्रयत्न केला. ब्रश दातांत धरून पाहिला. टेबलाच्या फटीत खोचून पाहिला. तिसऱ्या दिवशी एका पायाचं सॉकेट ग्राइंडरवर घासत होतो. ग्राइंडर जागेवर पक्का असतो. आम्ही चाक हलवत नाही, सॉकेट चाकापाशी नेतो आणि फिरवतो. तिथेच माझे हात थांबले. ब्रश हलवायचाच कशाला? ब्रश पक्का बसवायचा आणि नख त्याच्यापाशी न्यायचं.

मग एक पाट केला. भंगारातल्या जाड प्लास्टिकच्या शीटचा, वहीएवढा, खाली रबराचे चार पाय, म्हणजे सरकणार नाही. त्यात बाटली घट्ट बसेल असं चौकोनी भोक पाडलं, म्हणजे झाकण एका हातानं फिरवता येतं. शेजारी एक चिमटा, झाकणाला जोडलेला ब्रश आडवा धरणारा. आधी मी तो खाली तोंड करून बसवला होता, तर रंग टपकायला लागला. आडवा केला. मग अंगठ्याला मनगट वळवावं लागतं हे लक्षात आलं, म्हणून चिमटा फिरता केला. पाटाच्या कडेला एक नेलकटर स्क्रूनं बसवला. त्याचा दांडा स्टंपनं दाबायचा आणि बोट पुढे करायचं. दिसायला सगळं प्रकरण ओबडधोबड होतं. असं काम मी एरवी सेंटरच्या बाहेर जाऊ दिलं नसतं.

मंगळवारी शीतल आली. येताना तिच्या डब्यातली, त्यातल्या त्यात ओली राहिलेली बाटली घेऊन आली होती. गडद लाल. कृत्रिम हात काढून तिनं आईच्या मांडीवर ठेवला. स्टंप उघडा पडला तरी ओढणी घेतली नाही. आधी नेलकटर. पाच वेळा टक् असा आवाज झाला आणि प्रत्येक वेळी तिनं बोट जवळ घेऊन पाहिलं. मग बाटली भोकात, झाकण फिरवलं, ब्रश चिमट्यात. तर्जनी ब्रशपाशी नेली आणि घाईत मागे ओढली. रंग सगळा बोटावर. आई उठायला लागली, तिला मी खुणेनं बसवलं. शीतलनं ब्रश परत बुडवला. या वेळी बोट सावकाश सरकवलं आणि नखाच्या मधोमध एक लाल पट्टा उमटला. ती त्या पट्ट्याकडे बघत बसली. वीस मिनिटांत पाच नखं झाली.

काम म्हणाल तर वाईट. कडेच्या कातडीवर रंग, अंगठ्यावर पोपडा, करंगळीला तर नखापेक्षा बोटावरच जास्त. डिलिव्हरीआधी फिनिशिंग करायचंच, ही माझी जुनी सवय. मी कापूस रिमूव्हरमध्ये बुडवला आणि म्हटलं, आण हात, कडा साफ करून देतो.

तिनं हात चटकन छातीशी घेतला.

"राहू द्या, सर. मपलं मी लावलंय."

मी कापूस टाकून दिला. मायलेकी हात आणि पाट दोन्ही घेऊन गेल्या. पुढे आई एकदा दुरुस्तीसाठी आली तेव्हा समजलं की शीतल हात लग्नकार्याला घालते, पाट रोज लागतो. आता चिमट्यात काडी बसवून फुलं काढायची खटपट चालू आहे, अजून जमत नाही. पाटासारखे आणखी सहा मी बनवले, त्यांतले चार पुरुषांनी नेले, नेलकटरसाठी. आणि हाताच्या पेशंटला मी माप घेण्याआधी विचारतो, घरी कोणतं काम दुसऱ्याला सांगावं लागतं? सोबत आलेल्या माणसाला तेवढा वेळ बाहेर बसवतो.

त्या दिवशी शीतलनं लाल बोटांनीच सही केली. फॉर्मवर शेवटी 'निकाल' असा रकाना असतो. तिथे मी लिहिलं, फिनिशिंग खराब, पेशंट खूश. माझ्या त्याआधीच्या बऱ्याच फाइलींमध्ये हे उलटं लिहावं लागलं असतं.