औंसमामांची पट्टी

पुसेगावात शिवहारला तोंडावर डाक्टर म्हणत आणि पाठीमागे औंसमामा. तो डॉक्टर नव्हता. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होता. गाय धरायची, जखम धुवायची, बाटल्या विसळायच्या. सत्त्याण्णव साली निवृत्त झाला, तरी रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दवाखान्यासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायचा आणि आत चाललेलं सगळं कसं चुकतंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

त्याचा खरा राग लिटरवर. लिटर हे दूधवाल्यांचं माप, औषधाचं नव्हे, असं त्याचं मत. आठ ड्रामचा औंस, वीस औंसांचा पाइंट, आठ पाइंटांचा गॅलन, ही जुनी इंग्रजी मापं तो आरतीसारखी म्हणून दाखवी. कोणी मिलीचा आकडा सांगितला की डोळे मिटून त्याचे ड्राम करी, आणि हिशेब बरोबर निघे. तेवढं मान्य करायला हवं. ते ड्राम कुणाला हवे होते, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. औंसाशी त्याची प्रत्यक्ष गाठ जेमतेम दोन-तीन वर्षांची. तो नोकरीला लागला तेव्हा जुना कंपाउंडर औंसात औषध द्यायचा. मग मिली आले, आणि उरलेली सगळी नोकरी शिवहारनं निमूटपणे मिलीतच केली. निवृत्त झाल्यावर त्याला औंस आठवले.

कंपाउंडरकडून त्यानं एक कसब मात्र उचललं होतं. बाटलीतल्या औषधाच्या उंचीएवढी पट्टी कापायची, तिच्या सारख्या घड्या घालायच्या, कडेला खाचा पाडायच्या आणि बाटलीला चिकटवायची. एक खाच उतरली की एक डोस. एका औंसाच्या बारीक शिशीवरून शिवहारनं अशी आठ खाचांची पट्टी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापून घेतली होती. खाचेला एक ड्राम. शिशी पुढं फुटली, पट्टी राहिली. लोक पेन लावतात तशी तो ती खिशाला लावायचा.

दोन हजार दोनच्या पावसाळ्याआधी मसाजी मेंढ्यांसाठी जंताचं औषध घ्यायला दवाखान्यात आला. मसाजी आणि त्याची बायको सिंधूबाई यांचा लहानसा कळप होता. आदल्या साली त्यांचं एकही कोकरू जगलं नव्हतं, आणि औंदा वाडग्याच्या कुंपणात कोकरं उड्या मारत होती. डॉक्टर करुणानं बाटली दिली, मोठ्या मेंढीला दहा मिली, कोकराला पाच, असं सांगितलं आणि बाटलीच्या टोपणावरच्या रेघा दाखवल्या, टोपण काठोकाठ भरलं की दहा मिली. मसाजी बाहेर पडला तो कट्ट्यावरून शिवहारनं हाक मारली. बाटली हातात घेतली, डोळे मिटले. मेंढीला तीन ड्रामला किंचित कमी, कोकराला दीडला किंचित कमी. कालच्या पोरीला काय कळतं, मी स्वतः येऊन पाजतो, असं त्यानं चार माणसांत जाहीर केलं. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत नको म्हणणं मसाजीला जमलं नाही.

वाडग्यात सिंधूबाईनं विचारलंच.

"मामा, टोपणावर रेघ हाय की. मंग पट्टी काहून?"

"टोपण कारखान्यात ढिगानं पडतात, बाई. त्याच्या रेघेवर कुणी इमान ठिवावं?"

मग त्यानं खोकल्याच्या औषधाची एक रिकामी प्लास्टिकची बाटली मागितली, तिच्यात औषध ओतलं आणि चिकटपट्टीनं आपली फिल्म तिला डकवली. ती बाटली शिशीपेक्षा चांगलीच रुंद होती. पट्टीला उंची कळते, रुंदी कळत नाही, हे तिसरीतल्या पोराला सांगावं लागत नाही. शिवहारला ते सुचलं नाही, कारण त्याच्या लेखी ड्राम शिशीत नव्हता, पट्टीत होता. तीन खाचा मेंढीला, दीड कोकराला, असं मोजून तो बांबूच्या नळकांड्यातून पाजत गेला आणि मसाजी जनावरं धरत गेला. औषध लवकर संपून राहिलं, असं सिंधूबाई म्हणाली. कंपनी कमी भरते, असं त्यानं सांगितलं. चहा घेतला आणि गेला.

दुपार टळायच्या आत मेंढ्यांच्या तोंडाला फेस आला. कोकरं थरथरली, पाय ताणून आडवी झाली. मसाजी धावत जाऊन करुणाला घेऊन आला. मेंढ्या वाचल्या. तीन कोकरं गेली.

शिवहारला बोलावणं धाडलं. तो आला आणि आधी हिशेब सांगू लागला. दहा मिलीचे ड्राम किती, पाचचे किती. करुणा म्हणाली, हिशेब बरोबर आहे. त्याचा चेहरा उजळला. मेलेली कोकरं त्याच्या पायाशी होती.

 पट्टी लावलेल्या बाटलीत सिंधूबाईनं पाणी भरलं, डॉक्टरीणबाईंचं टोपण जमिनीवर ठेवलं आणि मेंढीचा डोस म्हणून तीन खाचा ओतायला लागली. टोपण भरलं. ते रिकामं करून तिनं पुन्हा भरलं. तिसऱ्यांदाही ते अर्ध्याच्या वर गेलं, तेव्हा कुठं बाटलीतलं पाणी तिसऱ्या खाचेला टेकलं.

सगळे शिवहारकडं बघत होते. एवढ्यावर दुसरा कुणीही समजला असता.

"टोपण खोटं हाय," तो म्हणाला. पट्टी सोलून काढली, सदऱ्याला पुसली आणि खिशाला लावली.

पुढच्या पावसाळ्याआधी मसाजीनं पुन्हा औषध आणलं. शिवहार न बोलावता वाडग्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. सिंधूबाईच्या हातात तेच टोपण होतं. तिनं ते त्याच्यासमोर धरलं.

"मामा, ह्यात किती ड्राम बसतात?"

त्यानं डोळे मिटले. "तीनला किंचित कमी."

"बराबर," ती म्हणाली. "आता घरी जा."

आणि तिनं पहिलं कोकरू गुडघ्यांत धरलं.