हुकावरचं वजन

जीपमागची ट्रॉली ठरवायला आमच्या घरात जेवढा वेळ गेला, तेवढा माझं लग्न ठरवायलाही गेला नव्हता.

वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत कच्चा रस्ता आणि मध्ये ओढा. टेम्पोवाले तिकडे फिरकत नसत. माझी जुनी जीप मात्र चारही चाकांनी ओढायची, कुठेही चढायची. म्हैस घोडेगावच्या बाजाराला न्यायची तर जीपमागे लहानशी दोनचाकी ट्रॉली लावावी, असं ठरलं. जोडायची कशी, यावर वाद. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ट्रॅक्टरसारखं भोक आणि त्यात खीळ हवी होती.

"एवढे ट्रॅक्टर फिरत्यात, ते काय येडे हायत?" ते म्हणायचे.

मी एकटाच नागापूरला एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. म्हातारा मिस्त्री होता. ओढ्यात जीप एका अंगाला कलते, ट्रॉली दुसऱ्या, मग खिळीला पीळ बसतो, हे त्याने दोन्ही पंजे एकमेकांत अडकवून दाखवलं. "गोळ्याचा हूक घ्या. सगळीकडं फिरतो, वरून कुलूप बसतं. खाली दोन साखळ्या लावा, कैचीवानी एकमेकींवरनं." मी गोळा घेतला. निघताना तो म्हणाला, "आन् वजन पुढं ठेवा. मागं गेलं, की वेगात ट्रॉली शेपूट हलवती."

बाजाराच्या दिवशी सकाळी आबांनी भरायचं काम आपल्याकडे घेतलं. बैल विकल्यापासून ते नुसते ओट्यावर बसून असायचे. कुणी हाक मारली तरी दुसऱ्या हाकेला उठायचे. त्या दिवशी मात्र उपरणं कमरेला बांधून तयार. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. गाडी धुरजड झाली, म्हणजे पुढे जड झाली, तर बैलाचा खांदा सुजतो, म्हणून ओझं नेहमी थोडं मागे सारायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या बैलाचा खांदा कधी सुजला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच.

त्यांनी म्हैस पार मागच्या फळीला बांधली. कडब्याच्या पेंढ्याही मागेच. मग खाली वाकून ट्रॉलीच्या, हुकाला अजून न जोडलेल्या दांड्याखाली एक बोट घातलं आणि दांडा उचलून दाखवला.

"बघ. जीपच्या मानंवर कायबी वजन न्हाई."

चेहरा उजळला होता. मिस्त्रीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. आता काय बोलायचं, हळू चालवू, असं मनाशी म्हणालो. ती माझी माया होती की वाद टाळायचा आळस, हे मला आजही सांगता येत नाही.

आबा म्हशीची दोरी धरून ट्रॉलीत उभे राहिले. ओढा सुखरूप ओलांडला. कच्च्या रस्त्यावर वेग नव्हताच. डांबरीवर उतार लागला, मागून ट्रक हॉर्न वाजवायला लागला आणि मी जीप थोडी पळवली. ट्रॉली डावी-उजवी झोके घेऊ लागली. मी घाबरून ब्रेक दाबला, तशी ती आडवी फिरली आणि कडेच्या चारीत उलटली. हूक सुटला नाही. साखळ्याही तुटल्या नाहीत. एवढ्या चिकित्सेने निवडलेली वस्तू अगदी शाबूत राहिली. म्हशीचं एक शिंग मोडलं. आबांचं खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात भेटायला येईल त्याला आबा सांगायचे, "गोळ्याचं काय खरं न्हाई, खीळच पायजे हुती." मी खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत असे. तेव्हाही गप्पच राहिलो. याची मला जास्त लाज वाटते.

काठीवर चालायला लागल्यावर ते माझ्यासोबत ट्रॉली दुरुस्तीला आले. मिस्त्रीने वाकलेली फळी पाहिली आणि सहज विचारलं, "वजन पुढं ठेवायचं सांगितलं हुतं ना तुमाला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. परत येताना ते जीपमध्ये काठी गुडघ्यांत धरून बसले. मग म्हणाले, "तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"मी मागं बांधत हुतो, तवाबी?"

"हो, आबा."

त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

ट्रॉली अजून वापरतो. आता मी भरतो, वजन पुढे घेतो. आबा काठी टेकत येतात, शेजारी उभे राहतात आणि परक्यासारखं विचारतात, "बराबर हाय का?" मी हो म्हणतो. ते तिथेच उभे राहतात. मी वाकतो, दांड्याखाली हात घालून जोर लावतो, तो उचलला जात नाही हे त्यांना दिसतं, आणि मगच ते ओट्याकडे वळतात.