बाईंनी मागायला लावलेली माफी

मोहिते बाई गेल्याचं मला केंद्रप्रमुखांच्या फोनवरून कळलं. "मोहिते बाई गेल्या काल, झोपेतच. आणि हो, ती पटाची माहिती आजच पाठवा." एका दमात दोन्ही. मी पाठवली माहिती. दुसरं काय करणार होते... आमची द्विशिक्षकी शाळा, आणि बाई निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा रिकामीच. चारही वर्ग माझ्यासमोर बसलेले. रडायलासुद्धा शाळा सुटायची वाट बघावी लागली.

१९९८ साली मी पुण्याजवळ पौड रस्त्याच्या आतल्या या गावात रुजू झाले, तेव्हा बाई इथे चांगल्या मुरलेल्या होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, गावात खोली घेऊन एकट्या राहायच्या. आवाज खणखणीत, पण हातात छडी नाही. सकाळच्या परिपाठात मुलांनी दुसऱ्या कुणाची तरी एक चांगली गोष्ट सांगायची, हा त्यांचा रिवाज. "राणीनं माझी चप्पल शोधून दिली," वगैरे. एकदा एकाला काहीच सुचेना, तर तो म्हणाला, "आमच्या म्हशीनं काल कुणाला शिंग मारलं न्हाई." बाई गंभीरपणे म्हणाल्या, "म्हशीलाही शाबास." मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा आणि तसं मी बोलूनही दाखवायचे.

मग हिंजवडीला कंपन्या वाढल्या, गावात गोठे पाडून भाड्याच्या खोल्या उठल्या आणि वर्गात लातूर-बीडकडची मुलं आली. गावातली मुलं त्यांना 'भाडोत्री' म्हणायची. त्यात चौथीतला संतोष सगळ्यांच्या पुढे. त्याच्या आजीच्या, म्हणजे आक्कांच्या, एका खोलीत बाई राहायच्या आणि शेजारच्या खोलीत सुनीताचं कुटुंब. संतोष सुनीताला शाळेतल्या नळाला हात लावू द्यायचा नाही. दप्तर लपवायचा. "आमच्याच घरात ऱ्हाती आन् मिजास करती," म्हणायचा. पोरगी पोट दुखतंय म्हणून घरी बसायला लागली. तिचे वडील वॉचमन होते. ते मोहिते बाईंना हात जोडून म्हणाले, "बाई, काही बोलू नका. खोली जाईल."

बाई बोलल्या. पोरीची शाळा सुटत होती, त्यांना राहवेना. भर परिपाठात त्यांनी संतोषला उभं केलं आणि सुनीताची माफी मागायला लावली. त्यानं मागितली, रडत रडत. मला तर बरं वाटलं होतं.

संध्याकाळी आक्का बाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुमी शिकवा, मारा, आमचं काय म्हननं न्हाई. पर माज्या नातवाला भाडोत्र्याच्या पोरीम्होरं मान खाली घालाया लावली तुमी." बाईंना त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. शिक्षकाचा मान ना! सुनीताच्या घरच्यांना मात्र त्याच आठवड्यात खोली सोडावी लागली. टेम्पो जवळच्या नांदे गावाच्या दिशेनं गेला, एवढंच कळलं. दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. बाई कितीतरी रविवार नांद्यातल्या बांधकामांवर विचारत हिंडल्या. एकदा परत येताना माझ्याकडे आल्या त्या व्हरांड्यातच बसल्या, चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाल्या, "तिला राखायला गेले आणि तिलाच घालवलं गं."

आक्कांची खोली त्यांनी सोडली नाही. मला ते अजिबात पटलं नाही. मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "मी गेले तर संतोषला कोण?" त्यानंतर त्यांनी कुठल्याच मुलाला चारचौघांत उभं केलं नाही. खोडी केलेल्याला शाळा सुटल्यावर थांबवायचं, एक झाडू त्याच्या हातात, एक आपल्या, आणि दोघांनी मिळून वर्ग झाडायचा. बाई काही विचारायच्या नाहीत. पोरगं आपोआप बोलायचं... कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. संतोष काय बोलला, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

बाई गेल्यानंतर काही आठवड्यांनी तोच शाळेत आला. आता चांगला दाढी-मिशीवाला. दाराबाहेर बूट काढून उभा राहिला. म्हणाला, "त्या पोरीचं नाव काय वो हुतं? लई दिस झालं, आटवंना."

"सुनीता."

त्यानं ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "खोल्या आता मी बघतोय. आई म्हनती, पोरंबाळं असलेलं बिऱ्हाड नको. मी एक ठेवलंय, बीडकडचं. पोरगी तिसरीला हाय. उद्या आनू का?"

"आण," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो तिला सोडून गेला. तेल लावून घट्ट वेण्या घातलेली पोर, कुणाला नावही सांगेना. दुपारी खिचडीच्या रांगेत कुणीतरी तिला मागे ढकललंच. खरं सांगते, मी दमले आहे. चार वर्ग, एकटी बाई, रोज तेच. मोहिते बाई असत्या तर म्हटलं असतं, तुम्ही बघा आज... मी ताट खाली ठेवलं आणि उठले.